रूट कॅनल करू की काढून इम्प्लांट? दोन दाढा आहेत, उत्तरंही दोन

तुम्ही जे विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत लिहितो, म्हणजे मला नीट कळलंय की नाही ते तुम्हालाही दिसेल. वय ४७, देवगड तालुक्यात आंब्याची बाग, शुगर आहे आणि शेवटचा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ८.४. खालची उजवीकडची पहिली मोठी दाढ, तिच्यातलं जुनं सिमेंट गणपतीत निघालं, मग गाल सुजला, गोळ्यांचा कोर्स केला, सूज उतरली आणि आता अजिबात दुखत नाही. वर डावीकडची एक छोटी दाढ, तिचं रूट कॅनल काही वर्षांपूर्वी झालंय पण कॅप बसवायची राहून गेली आणि आता ती हिरडीच्या लेव्हलला तुटलीय. गावातले डॉक्टर म्हणतात खालच्या दाढेचं रूट कॅनल करून कॅप घाला. मुंबईला मेहुण्यांच्या ओळखीचे डॉक्टर म्हणतात दोन्ही काढा, दोन इम्प्लांट टाका, कायमची कटकट मिटेल. आणि हे सगळं तुम्हाला आंबा सुरू व्हायच्या आत उरकायचंय.

मी सिंधुदुर्गातच वीसेक वर्षं दवाखाना चालवतोय. रूट कॅनल मी स्वतः करतो, इम्प्लांटला कोल्हापूरहून सर्जन येतात आणि वरचा दात मी बसवतो. म्हणजे दोन्हीत माझा धंदा आहे आणि उघड सांगायचं तर इम्प्लांटमध्ये सुटतात ते जास्त. हे सांगून ठेवलेलं बरं, पुढचं वाचताना तुम्ही त्या हिशोबाने वाचाल.

रूट कॅनल, म्हणजे मुळातल्या नाल्यांतली नस काढून त्या साफ करून भरणं, हा दात ठेवायचा उपाय आणि इम्प्लांट, म्हणजे हाडात धातूचा स्क्रू बसवून त्यावर नवा दात लावणं, हा दात गेल्यानंतर ती जागा भरायचा उपाय, त्यामुळे या दोघांची एकमेकांशी तुलना करण्याआधी एक गोष्ट ठरायला लागते, ती म्हणजे हा अमुक दात ठेवण्यासारखा आहे का. आणि ते ठरवायला दोन गोष्टी बघायच्या, कीड पूर्ण काढल्यावर हिरडीच्या वर घट्ट दात किती उरतो आणि मूळ उभं चिरलंय का. बाकी सगळं, म्हणजे पैसे, वेळ, शुगर, हे त्याच्यानंतर. तुमच्या दोन दाढांचं उत्तर माझ्या मते वेगवेगळं येईल म्हणून दोघींना एकत्र धरू नका.

आधी खालची दाढ. दुखायचं थांबलं म्हणजे बरी झाली असं आमच्याकडे दहातले नऊ पेशंट धरून चालतात, "आता दुखणा नाय मा, मगे कित्याक?" हे मी रोज ऐकतो. झालेलं काय असतं की आतली नस मेलेली असते, मेलेली नस दुखणार कशी. पू साठला तो गालात उतरला, गोळ्यांनी तेवढ्यापुरता दबला. पण दाढेच्या आत आता रक्तपुरवठाच नाही, गोळीचं औषध रक्तातून जातं, ते त्या पोकळीत पोचतच नाही, त्यामुळे आतले जंतू होते तसे आहेत आणि तुमची ताकद कमी झाली की परत डोकं वर काढणार. म्हणजे या दाढेला आत जाऊन साफ करणं किंवा काढणं यातलं एक करावंच लागणार, तशीच ठेवणं हा पर्याय धरू नका.

आता गंमत अशी की ही दाढ ठेवण्यासारखी आहे का हे तुमच्या गावातल्या डॉक्टरांना पण आणि मुंबईच्या डॉक्टरांना पण फक्त एक्सरे बघून सांगता येणार नाही. छोट्या एक्सरेवर मुळाच्या टोकाला काळी सावली दिसते, हाड किती ते दिसतं, कीड किती खोल गेलीय त्याचा अंदाज येतो. पण एक्सरे म्हणजे सपाट चित्र, आतली चीर त्यात बहुतेक वेळा दिसतच नाही. म्हणून मी पेशंटला पहिल्या दिवशी सांगतो की आज मी फक्त दाढ उघडतो, साफ करतो, बघतो आणि मग आपण बोलू, तोवर ना रूट कॅनलचं पॅकेज ठरवायचं ना इम्प्लांटचं.

उघडल्यावर काय बघतो ते सांगतो. दाढ बधिर करायची, रबर डॅम लावायचा, म्हणजे ती निळी किंवा हिरवी रबरी शीट असते जिच्यातून फक्त तेवढी दाढ वर येते आणि थुंकी आत जात नाही. तुमच्या डॉक्टरांकडे ती लावतात का हे जरूर विचारा, कारण सगळा खटाटोप जंतू बाहेर काढण्यासाठी चाललाय आणि वरून थुंकी आत गळतेय याला काही अर्थ नाही. मग उरलेलं सिमेंट काढायचं, खाली तपकिरी काळी कीड असते, ओल्या चामड्यासारखी, चमच्यासारख्या बारीक हत्याराने ओढली की थर निघतात. ती निघून निघून टणक, खरवडल्यावर करकर आवाज येणारा भाग लागला की थांबायचं. आता आजूबाजूने भिंती किती उभ्या राहिल्या ते मोजायचं. हिरडीच्या वर चारी बाजूंनी निदान दीड ते दोन मिलिमीटर उंचीचा आणि एक मिलिमीटर जाडीचा चांगला दात मिळाला तर ही दाढ ठेवायची, असा माझा साधा नियम. मुसळाच्या टोकाला लोखंडी वसवी बसवतात ना, लाकूड फाटू नये म्हणून, कॅप तेच काम करते, पण वसवी बसायला खाली लाकूड तर पाहिजे. ते नसेल तर रूट कॅनल कितीही सुंदर झालं, एक्सरेत पांढरी रेघ मुळाच्या टोकापर्यंत झकास दिसली तरी दोन चार वर्षांत कॅपसकट दात हातात येतो आणि मग पेशंट म्हणतो रूट कॅनल फेल गेलं. रूट कॅनल फेल गेलेलं नसतं, त्याच्यावरचं बांधकाम कोसळलेलं असतं. एखाद्याच बाजूला कमी पडत असेल तर हिरडी आणि थोडं हाड खाली घेऊन दात उघडा करता येतो, पण दाढेची मुळं जिथे फाटे फुटतात तिथपर्यंत पोचायला लागलं तर मी तो नाद सोडतो.

दुसरं चीर. यासाठी एक्सरेपेक्षा एक साधी गोष्ट जास्त उपयोगी पडते, खुणा केलेला बारीक प्रोब दात आणि हिरडीच्या मधे घालून दाढेभोवती फिरवायचा. सगळीकडे दोन तीन मिलिमीटर जातोय आणि एका बारीक जागी एकदम सात आठ मिलिमीटर खाली घुसला तर माझ्या मनात पहिली शंका मूळ उभं फाटल्याची येते. मग आत निळा रंग लावून बघतो, चीर असेल तर रेघ उमटते. रेघ दाढेच्या तळावरून एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली असेल तर ती दाढ काढायची, तिथे पैसे घालवू नका. तुम्ही लिहिलंय की सिमेंट निघण्याआधी काही महिने कुरलीचा, म्हणजे खेकड्याचा, नांगा दाताने फोडताना एकदा कळ गेली होती, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय, ही चौकशी तुमच्या दाढेची झालीच पाहिजे. चावल्यावर नाही पण चावून सोडल्यावर कळ येते असं कोणी सांगितलं की मी नेहमी चीर शोधतो.

आता समजा भिंती पुरेशा आहेत आणि चीर नाही. मग मी या दाढेला हात जोडून सांगेन रूट कॅनलच करा. खालच्या पहिल्या दाढेला दोन मुळं आणि बहुतेक वेळा तीन नाल्या असतात, कधी चार. चौथी सापडली नाही तर तीच पुढे पू धरते, त्यामुळे शोधणारा डॉक्टर हवा. तुमच्यात पू होऊन गेलाय म्हणून एका बैठकीत उरकायचा हट्ट धरू नका, मी अशा दाढेत आत औषध भरून एक दोन आठवडे ठेवतो, कोरडी झाली की मगच भरतो. आणि भरल्यावर कॅप महिन्याभरात. तुमच्या वरच्या दाढेचं जे झालं ते इथे परत करू नका, "दुखायची थांबली, कॅप सीझननंतर बघू" हे वाक्य आमच्या भागात जेवढ्या दाढा खातं तेवढ्या कीड पण खात नसेल. कॅप सिरॅमिक मेटलची घ्या नाहीतर झिरकोनियाची, मागच्या दाढेला दोन्ही चालतात, त्यात फार डोकं घालू नका.

मेहुण्यांच्या डॉक्टरांच्या "कायमचं" या शब्दाबद्दल. इम्प्लांट ही चांगली गोष्ट आहे यात वाद नाही. टायटॅनियम आणि हाड एकमेकांना घट्ट धरतात हे स्वीडनच्या ब्रॉनेमार्क या डॉक्टरांना १९५०च्या दशकात सशांच्या हाडावर वेगळाच अभ्यास करताना दिसलं, १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात ते बसवले आणि तो माणूस २००६ मध्ये वारला तोपर्यंत ते त्याच्या तोंडात होते. म्हणजे चाळीस वर्षं टिकू शकतात. पण टिकू शकतात आणि टिकतीलच यात फरक आहे. नीट केलेलं रूट कॅनल अधिक कॅप आणि नीट बसवलेला इम्प्लांट, दोघांचं काही वर्षांनी तोंडात शाबूत असण्याचं प्रमाण अभ्यासांत जवळजवळ सारखंच येतं, दोन्हीकडे नव्वद टक्क्यांच्या वर. त्यात एक मेख पण असते, इम्प्लांटच्या बऱ्याच अभ्यासांत तो जागेवर आहे म्हणजे पास असं धरलेलं असतं आणि रूट कॅनलच्या अभ्यासांत एक्सरेवरची सावली पूर्ण भरली तरच पास, त्यामुळे दोन जाहिरातींतले आकडे शेजारी ठेवून कोण जिंकलं ते ठरवू नका.

इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं. पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते, हाड झिजतं आणि ते बऱ्याचदा न दुखता होतं. खऱ्या दाताभोवती धाग्यांचं एक पातळ आवरण असतं, ते दाताला हाडाशी बांधतं आणि चावताना जोर किती लागतोय ते मेंदूला सांगतं, भातात खडा आला की जबडा आपोआप उघडतो तो त्याच्यामुळे. इम्प्लांट थेट हाडात घट्ट, त्याला हे आवरण नाही, जोर जास्त झालेला कळत नाही आणि मग कॅपचा तुकडा उडतो किंवा आतला स्क्रू सैल होतो. नांगे आणि सुपारी दाताने फोडणाऱ्या माणसाला हे आधीच सांगावं लागतं. तंबाखूबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. मशेरी, गुटखा, विडी यातलं काहीही चालू असेल तर इम्प्लांटचा धोका वाढतो आणि मी तरी बंद झाल्याशिवाय सर्जनना बोलावत नाही.

शुगर. ८.४ वर मी इम्प्लांट टाकणार नाही, थांबायला सांगेन. साधारण सातच्या आसपास आणा, फिजिशियनशी बोला, मग बघू. शुगर जास्त असताना हाडाची पकड नीट होत नाही आणि जखम चिघळते. रूट कॅनलला मात्र एवढं थांबायचं कारण नाही, उलट तोंडातला पू पण शुगर वाढवून ठेवू शकतो, तो गेला की आकडा उतरायला मदत होऊ शकते. म्हणजे फक्त शुगरचा विचार केला तरी खालची दाढ वाचवता आली तर आधी ती वाचवणं हेच सोयीचं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, आणि घरात आईवडिलांपैकी कोणाला हाडं ठिसूळ झाल्याची वर्षातून एकदाची इंजेक्शनं दिलेली असतील तर त्यांचा दात काढायच्या आधी ते डॉक्टरांना सांगायचंच, तिथे जबड्याचं हाड भरून न येण्याचा वेगळा धोका असतो.

वरच्या छोट्या दाढेबद्दल मात्र मी मुंबईच्या डॉक्टरांच्या बाजूने आहे. हिरडीपर्यंत तुटलीय, कित्येक महिने तिच्या आतलं भरलेलं उघडं पडून थुंकीत भिजतंय, म्हणजे आत परत जंतू गेले असं धरूनच चालायचं. परत रूट कॅनल, मग पोस्ट म्हणजे मुळात घालायची खुंटी, मग हिरडी कापून दात उघडा करणं, मग कॅप, एवढं सगळं करायचं आणि या दाढेची मुळं मुळातच बारीक, पोस्ट घातल्यावर चिरतात. पुढचा दात असता तर कदाचित एवढी धडपड केली असती. इथे काढणं सरळ.

काढल्यावर तीन रस्ते. इम्प्लांट, ब्रिज, किंवा काढता घालता येणारा दात. ब्रिजसाठी दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करावे लागतात. ते दोन्ही चांगले असतील तर एका दातासाठी दोन चांगल्या दातांवर हत्यार चालवायला माझा हात धजत नाही, तिथे इम्प्लांट. पण शेजारच्या दातांत आधीच मोठाली सिमेंटं असतील, कॅप घालायचीच वेळ आली असेल तर ब्रिज अगदी बरोबर आहे, महिन्याभरात काम होतं, शुगरसाठी थांबायला नको. तुमच्या शेजारच्या दातांचं तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून इथे ठाम सांगत नाही. काही न करता मोकळी सोडली तर? लगेच आभाळ कोसळत नाही, पण पहिल्या सहा महिने ते वर्षात तिथलं हाड बऱ्यापैकी बसतं, म्हणून दोन तीन वर्षांनी येऊन इम्प्लांट मागितला की आधी हाड भरायचा खर्च वाढतो. वरच्या जबड्यात सायनसची पोकळी पण जवळ असते, हाड कमी असेल तर ती वर उचलावी लागते. त्यासाठी सीबीसीटी स्कॅन, म्हणजे हाड सगळ्या बाजूंनी दाखवणारा थ्रीडी एक्सरे, लागतो, आमचे पेशंट त्यासाठी घाट चढून कोल्हापूरला जातात, एक दिवस मोडतो पण इम्प्लांट टाकायच्या आधी तो हवाच.

पैशांचं. आमच्या भागात साधारण मोठ्या दाढेचं रूट कॅनल ४ ते ६ हजार, कॅप ४ हजारांपासून १० हजारांपर्यंत, इम्प्लांट वरच्या दातासकट ३० ते ४५ हजार, हाड भरायचं किंवा सायनस उचलायचा तर त्याच्या वर. मुंबईत जास्त, आणि जाण्यायेण्याचे वेगळे. मुंबईला इम्प्लांट करणाऱ्यांसाठी एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, इम्प्लांटच्या डबीवर कंपनीचं नाव, साइज आणि लॉट नंबरचा स्टिकर असतो, तो आपल्या फाइलवर चिकटवून मागून घ्या. पाच वर्षांनी स्क्रू सैल झाला आणि तुम्ही माझ्यासारख्याकडे आलात तर कुठल्या कंपनीचा आहे हे कळल्याशिवाय मला तो आवळायचा पाना पण सापडत नाही. चाकरमानी मंडळी मे महिन्यात हलणारा दात घेऊन येतात, मुंबईच्या डॉक्टरांचा फोन लागत नाही आणि सुट्टी संपत आलेली असते.

आता तुमचा सीझन. आत्ता दिवाळी झालीय, मोहोर यायचाय, फवारण्या सुरू होतील तोवर तुम्हाला थोडा मोकळा वेळ आहे. माझ्याकडे आला असतात तर मी असं लावलं असतं. याच आठवड्यात खालची दाढ उघडून बघायची. ठेवण्यासारखी निघाली तर डिसेंबरात रूट कॅनल आणि कॅप दोन्ही पूर्ण. त्याच सुमारास वरची तुटकी काढून टाकायची, साखर बघून, आणि ती जखम भरत असताना तुम्ही शुगरच्या मागे लागायचं. आंबा उतरून झाला, पावसाला सुरुवात झाली की नवा एचबीएवनसी आणि स्कॅन, सगळं जमलं तर तेव्हा इम्प्लांट. वरच्या जबड्यात हाडाने धरायला चार ते सहा महिने देतो, म्हणजे त्याचा दात बसेल पुढच्या दिवाळीच्या आगेमागे. मधल्या काळासाठी हसताना दिसत असेल तर एक काढता घालता येणारा दात करून देतात, तो चावायला नाही, दिसायला. आणि खालची दाढ चिरलेली निघाली तर ती पण काढायची, मग दोन्ही इम्प्लांट एकदमच पावसाळ्यात. त्यात तुमचं काही नुकसान नाही, उघडून बघण्याचा खर्च हजार पाचशे.

रूट कॅनल झाल्यावर सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक एक्सरे काढून सावली भरतेय का ते बघायचं. कमी होत गेली तर ठीक. वाढली तर परत रूट कॅनल करता येतं किंवा मुळाचं टोक कापून बंद करता येतं, म्हणजे लगेच काढायची वेळ येत नाही.

तोवर त्या बाजूने चावू नका, आणि घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या परत मनाने सुरू करू नका. सूज परत आली आणि ती गालावरून जबड्याच्या खाली, गळ्याकडे उतरायला लागली, तोंड नीट उघडेना, गिळताना त्रास, सोबत ताप, तर मग माझ्या किंवा कोणाच्याच दवाखान्याची वेळ बघत बसू नका, खालच्या दाढेचा पू गळ्यात उतरून श्वास अडू शकतो आणि तुम्हाला शुगर आहे, रात्र असली तरी गाडी काढायची आणि थेट ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठायचं.